डिह्युमिडिफायर घ्यायचाय? अख्खा फ्लॅट विसरा, एक खोली धरा

जून उजाडला की आमच्या कोकणपट्टीत, म्हणजे मुंबई-ठाणे-वसईपासून खाली रत्नागिरी, सावंतवाडी, गोव्यापर्यंत, तेच सुरू होतं. बिस्किटं सादळतात, मिठाला पाणी सुटतं, कपाट उघडलं की कुबट वास आणि चामड्याच्या चपलांवर पांढरी-हिरवी बुरशी. मग कोणीतरी सांगतं की डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून काढणारं मशीन) घे, आणि आपण मोबाईलवर शोधायला बसतो तर १,५०० रुपयांच्या डबीपासून ३०-३५ हजारांच्या मशीनपर्यंत सगळं एकाच नावाने समोर येतं, त्यात निम्म्या वस्तू तर ह्युमिडिफायर असतात म्हणजे बरोब्बर उलटं काम करणाऱ्या! आमच्याकडे हे मशीन आता नेहमीचं झालंय आणि दर पावसाळ्यात नातेवाईकांचे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून टाकते.

पुण्या-नाशकाकडच्यांनी मात्र आधी पायरी १ करून बघा, बऱ्याच जणांना मशीनची गरजच नसते.

हाताशी काय काय लागेल

- डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र, ३००-६०० रुपयांत मिळतं)
- मोजपट्टी
- स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि चिकटपट्टी
- खिडक्यांच्या फटींसाठी फोमची किंवा ब्रशची पट्टी, हार्डवेअरच्या दुकानात मिळते
- खरेदी झाल्यावर: जीएसटी बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, मशीनच्या मागच्या सिरियल नंबरचा फोटो आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ

१. आधी मोजा, मग पैसे काढा

हायग्रोमीटर आणा पण त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका, स्वस्तातले ५-७ टक्के इकडेतिकडे दाखवतात. तपासायची सोपी युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यावर पाण्याचे थोडे थेंब टाका, मीठ ओलं चिंब झालं पाहिजे पण विरघळून पाणी नको. हे झाकण आणि हायग्रोमीटर दोन्ही एका घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. तुमचं यंत्र ७० दाखवत असेल तर ते ५ ने कमी दाखवतंय, तेवढे मिळवून वाचायचं. झालं.

आता ते बेडरूममध्ये ठेवा, मग कपाटाच्या आत, मग पलंगाखाली. सकाळ-दुपार-रात्र आकडे लिहून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर बाहेरची आर्द्रता ८५ च्या पुढे असतेच. घरात सतत ७० च्या वर असेल तर बुरशी येणारच, ६० च्या खाली ठेवता आलं तर बहुतेक त्रास थांबतो. आपल्याकडे भर पावसात ५५ ते ६० हे ध्येय पुरेसं आहे. ४० वगैरे करायच्या मागे लागू नका, बिल येतं आणि लाकडी फर्निचर, हार्मोनियम, तबल्याची पुडी यांनाही फार कोरडं मानवत नाही.

२. ओल हवेतली की भिंतीतली?

ही पायरी लोक गाळतात आणि मग मशीनला शिव्या घालतात.

ज्या भिंतीला डाग आहे तिथे हातभर फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. काढल्यावर फॉइलच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाणी असेल तर ओल भिंतीतून येतेय. म्हणजे बाहेरच्या प्लास्टरला भेग, वरच्यांच्या बाथरूमची गळती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलेलं किंवा तळमजला असेल तर जमिनीतून चढणारी ओल. भिंतीला लोणा लागून रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर फॉइलचीही गरज नाही, उत्तर समोरच आहे. अशा वेळी मशीन रात्रंदिवस पाणी काढत बसेल आणि भिंत तेवढंच पाणी परत देत बसेल. आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोचपावती घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

फॉइलच्या बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दव असेल किंवा फॉइल कोरडाच असेल आणि तरी आर्द्रता ८० असेल तर प्रकरण हवेचं आहे. मग पुढे वाचा.

३. घरात पाणी कुठून येतंय ते बघा

बाहेरची हवा हे मुख्य कारण, पण आपणही कमी नाही. झोपलेला माणूस श्वास आणि घामातून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. वॉशिंग मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांच्या एका लोडमध्ये सहज २ लिटर पाणी असतं आणि ते हॉलमधल्या दोरीवर वाळतं म्हणजे जातं कुठे, तुमच्या गादीत आणि कपाटात. गॅसचं तर कुणाच्या डोक्यातच येत नाही. एलपीजी जळताना किलोमागे साधारण दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफ होऊन निघतं, म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत जवळजवळ २२ लिटर पाणी स्वयंपाकघराच्या हवेत, भाताची वाफ वेगळीच. म्हणून स्वयंपाक करताना एक्झॉस्ट फॅन किंवा चिमणी चालू आणि मधलं दार बंद, ही सवय फुकट आहे आणि मशीनइतकीच उपयोगी आहे. (चिमणी मात्र बाहेर पाइप काढलेली हवी, नुसती फिल्टरवाली हवा फिरवून परत घरातच सोडते.)

एक गोष्ट बजावून सांगते. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथली खिडकी, झरोका काहीही बंद करू नका. विषारी वायू साचून माणसं दगावतात. फटी बुजवायचं काम फक्त झोपायच्या किंवा कपाटांच्या खोलीपुरतं, जिथे काही जळत नाही.

४. एसी आहे का? मग आधी तो वापरून बघा

एसी हाही पाणी काढतोच, दीड टनाचा एसी दमट दिवशी तासाला लिटरभर सहज काढतो आणि वर उष्णता बाहेर फेकतो. रिमोटवर ड्राय मोड असतो, थेंबाचं चिन्ह. आठवडाभर तो लावून हायग्रोमीटर बघा. रोज रात्री एसी लावून झोपणाऱ्यांची बेडरूम बहुतेक वेळा ठीकच असते, त्यांना त्याच खोलीसाठी वेगळं मशीन घ्यायची गरज नाही.

अडचण अशी की जुलैत बाहेर २६-२७ डिग्री असताना एसी लावला की थंडी वाजते, खोली गार झाल्यावर कॉम्प्रेसर थांबतो आणि कॉइलवरचं, म्हणजे एसीच्या आतल्या गार नळ्यांवरचं पाणी पंख्याच्या वाऱ्याने परत खोलीत येतं. घरात आजी-आजोबा असतील तर विषयच संपला. डिह्युमिडिफायर खोली गार करत नाही, उलट २-३ डिग्रीने गरम करतो. हे दुकानदार सांगत नाही! वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि मशीनची स्वतःची वीजही शेवटी उष्णताच होते, ती सगळी खोलीतच राहते. पावसाळ्यात चालून जातं, पण मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद खोलीत हे लावून झोपायची कल्पना सोडून द्या.

५. कुठल्या प्रकारचं घ्यायचं

तीन प्रकार आहेत, आणि आपल्याकडे निवड सोपी आहे.

कॉम्प्रेसरवालं: आत छोटा फ्रिजच असतो, गार कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि टाकीत पडतं. उबदार, दमट हवेत हेच सगळ्यात चांगलं चालतं. किनाऱ्यावर राहणाऱ्याने डोळे झाकून हेच घ्यावं.

पेल्टियरवालं: यात कॉम्प्रेसर नसतो, वीज दिली की एका बाजूने गार होणारी छोटी चकती असते. छोटं, आवाज नाही, दिसायला गोंडस, जाहिरातीत मोठ्या हॉलमध्ये ठेवलेलं. दिवसाला २५०-७०० मिली काढतं, तेही हवा भरपूर दमट असताना. कपाटात, कॅमेऱ्याच्या पेटीजवळ ठीक. खोलीसाठी निव्वळ पैसे पाण्यात. ओळखायचं कसं? वजन २-३ किलो, वॅट ७०-८० च्या आत, किंमत ५ हजारांच्या आत, आणि जाहिरातीत "कॉम्प्रेसर" हा शब्द शोधून सापडत नाही.

डेसिकंटवालं: यात ओलावा शोषणारं चाक आणि हीटर असतो. थंड हवेत कॉम्प्रेसरच्या कॉइलवर बर्फ धरतो, तिथे हे कामाला येतं. वीज जास्त खातं आणि खोली चांगलीच तापवतं. तुम्ही इंग्लंड-आयर्लंडमध्ये राहत असाल आणि हिवाळ्यात खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत असेल, खोली १५ डिग्रीच्या खाली जात असेल, तर याचा विचार करा. दादर-डोंबिवलीत नको.

जेलचे डबे आणि हँगरला लटकवायच्या पिशव्या, म्हणजे ज्यांच्यात पाणी साचतं त्या, कपाटापुरत्या बऱ्या. पण त्यातलं पाणी साधं नसतं, कॅल्शियम क्लोराइडचं खारट द्रावण असतं, पैठणीवर सांडलं तर साडी गेली. खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा आणि लहान मुलांपासून लांब.

६. किती लिटरचं? चौरस फुटांवर जाऊ नका

खोक्यावर "५०० चौरस फुटांसाठी" असं लिहिलेलं असतं, ते वाचून न वाचल्यासारखं करा. खरा हिशोब मी करून दाखवते, थोडं आकडेमोडीचं आहे पण एकदा कळलं की कुठलाही सेल्समन फसवू शकत नाही.

१० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. २८ डिग्रीला ८५ टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम पाणी, ५५ टक्क्यांना सुमारे १५. फरक ८ ग्रॅम. गुणिले ३२ म्हणजे अख्ख्या खोलीच्या हवेतून काढायचंय फक्त पाव लिटर! मग १२ लिटरची मशीनं कशाला विकतात?

कारण हवा बदलत राहते. खिडक्या-दारं बंद असली तरी फटींमधून दोन तासांत एकदा खोलीतली हवा बदलते असं धरा, तर दिवसाला साधारण ३ लिटर पाणी आत येतं. त्यात दोन माणसांची झोप जवळजवळ पाऊण लिटर, कपडे वाळत घातले तर अजून २. झाले पावणेसहा. आणि खिडकी जराशी उघडी राहिली, हवा तासाला ३-४ वेळा बदलली, तर दिवसाला १८ ते २५ लिटर. म्हणजे समुद्र उपसत बसणं. मशीन खराब नसतं हो, खिडकी उघडी असते.

आता दुसरी बाजू. खोक्यावरचं "१२ लिटर" हे बहुतेक वेळा ३० डिग्री आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेलं असतं. खोली ६० टक्क्यांच्या आसपास आली की तेच मशीन साधारण निम्मंच काढतं, ६ लिटर धरा. जमलं ना गणित? बंद बेडरूमला १०-१२ लिटरचं पुरतं. हॉल आणि त्याला जोडलेलं उघडं स्वयंपाकघर असेल, किंवा तळमजला, तर २० ते २५ लिटरचं. पूर्ण टू-बीएचके एका मशीनमध्ये कोरडा करायचा नाद करू नका. जिथे कपाटं, गाद्या, पुस्तकं आहेत ती एक खोली निवडा आणि ती नीट ठेवा.

अमेरिकेहून कुणी मशीन आणून देणार असेल तर नको म्हणा. ते ११० व्होल्टचं आणि ६० हर्ट्झचं असतं, ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज बदलेल पण हर्ट्झ बदलत नाही आणि कॉम्प्रेसरला ते सोसत नाही. शिवाय तिथलं माप पिंटमध्ये (एक पिंट म्हणजे ४७० मिलीच्या आसपास) आणि २०१९ पासून १८ डिग्रीच्या थोड्या थंड हवेत मोजतात, त्यामुळे आधी ज्याला ७० पिंट म्हणायचे तेच मशीन आता ५० पिंटचं म्हणून विकलं जातं. तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी जुनं सेकंडहँड घेताना हे लक्षात ठेवावं, आकडा मोठा दिसतो म्हणून मशीन मोठं नसतं.

७. दुकानात काय विचारायचं

सगळ्यात पहिलं, ड्रेन पाइप लावता येतो का. टाकी २-३ लिटरचीच असते, भर पावसात ५-६ तासांत भरते आणि मशीन आपोआप बंद पडतं. तुम्ही ऑफिसातून येईपर्यंत खोली परत ७५ वर. पाइप लावून बाथरूमच्या मोरीत सोडला की डोकेदुखी गेली. पण पाइप उताराचा हवा, मशीनच्या भोकापेक्षा वर चढला तर पाणी जात नाही, म्हणून बरेच जण मशीन छोट्या स्टुलावर ठेवतात.

दुसरं, ह्युमिडिस्टॅट. म्हणजे ५५ वर लावलं की तिथे पोचल्यावर स्वतः थांबणारं. हे नसलेलं घेऊ नका.

तिसरं, लाइट गेल्यावर परत सुरू होतं का. कोकणात पावसाळ्यात दिवसातून चारदा लाइट जाते, परत बटण दाबायला घरी कोणी नसेल तर काय उपयोग.

मग आवाज: ४०-४५ डेसिबल म्हणजे फ्रिजपेक्षा जास्त, झोप सावध असेल तर दिवसा चालवा, रात्री बंद. आणि तुमच्या गावात सर्व्हिस सेंटर आहे का ते स्वतः फोन करून विचारा, वेबसाइटवर "पूर्ण भारतात सेवा" लिहिलेलं असतं आणि मेकॅनिक दोन जिल्ह्यांपलीकडून यायचा असतो. मोबाईल अ‍ॅप, रंगीत दिवे, आयोनायझर यांचे जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण त्यासाठी बिल हवं, म्हणून बिनबिलाचं स्वस्तात घेऊ नका.

बेडरूमच्या साइजचं कॉम्प्रेसरवालं मशीन साधारण १२-१५ हजारांपासून सुरू होतं. विजेचं म्हणाल तर २५० वॅटचं मशीन ८ तास चाललं की २ युनिट, युनिटला १० रुपये धरले तर दिवसाचे २० रुपये. तुमचा स्लॅब बघून स्वतः गुणाकार करा.

८. घरी आल्यावर

खोकं आडवं आलं असेल तर मशीन उभं करून २४ तास तसंच ठेवा, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसू दे. उभं आलं असलं तरी दोन-तीन तास थांबा. भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याला चिकटून नको.

खिडक्यांच्या सरकत्या पट्ट्यांतल्या फटी फोमने बंद करा, अटॅच्ड बाथरूमचं दार बंद, खोलीच्या दाराखाली पायपुसणं. कपाटाची दारं उघडी ठेवा, पलंगाचा बॉक्स उघडा. पहिले ४-५ दिवस आकडा लवकर उतरणार नाही, उतरला तरी मशीन बंद करताच परत चढेल. घाबरू नका, गाद्या, लाकूड, पुस्तकं, कपडे महिनाभर प्यायलेलं पाणी सोडत असतात. ते संपलं की मग रोज ५-६ तासांत काम भागतं. दिवसातून एकदा थोडा वेळ खिडकी उघडून ताजी हवा घ्यायला हरकत नाही, मशीन तेवढ्यापुरतं बंद ठेवा. "हवा खेळती ठेवा" हा सल्ला डिसेंबरात अगदी बरोबर आहे, पण जुलैत बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते आणि खेळती हवा म्हणजे खेळतं पाणी.

आधीच धरलेली बुरशी मशीनने जात नाही, फक्त वाढायची थांबते. ती मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या ब्रशने झाडू नका, सगळीकडे उडते. ब्लीच वापरणार असाल तर त्यात अ‍ॅसिड किंवा दुसरं क्लीनर कधीही मिसळू नका.

टाकीतलं पाणी रोज ओता. स्वच्छ साचलेल्या पाण्यातच डेंग्यूचे डास अंडी घालतात. फरशी पुसायला, संडासात टाकायला हे पाणी छान. प्यायचं तर नाहीच, इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नको, कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश त्यात असतात, बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर ते नव्हे.

दर पंधरा दिवसांनी मागची जाळी धुवा, टाकी आतून हात घालून घासा कारण बुळबुळीत थर येतो. पावसाळा संपला की एक दिवस नुसत्या फॅनवर चालवून आतलं सगळं वाळवा, टाकी पुसून कोरडी करा, पाइप गुंडाळून त्याच्याच खोक्यात टाका आणि मशीन उभंच ठेवा, माळ्यावर जागा नाही म्हणून आडवं सरकवू नका.